विनिषिद्ध मालाची व्याख्या

कोल्हापूर,
७ जुलै १९९७

प्रिय आत्तीस,

वर्षाराणीचा सप्रेम जयभीम.

अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. मामांकडून वाचून घेऊ नकोस. साक्षरता वर्गात मी तुला सांगितलं होतं ते आठव: एखादा शब्द अडला तर पुढे जायचं आणि मग परत मागे यायचं.

वसतिगृहात माझं बस्तान बसलं. गेटच्या शेजारची खोली मला मिळाली आहे. माझ्या हुद्द्याचं नाव सहायक अधीक्षिका. दिवाळीपर्यंत काम बघणार आणि मग समिती ठरवणार, कायम करायचं की नाही. बाबांनी बी.ए.चं प्रमाणपत्र भिंतीवर लावलंय, पण गडमुडशिंगीला गेले की आई एवढंच विचारते, कायम कधी होणार. आपल्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. कायम पगाराची नोकरी करणारी पहिलीही मीच व्हावी, असं मलाही फार वाटतं. म्हणून मी एकही चूक न करण्याचं ठरवलं आहे.

पहिलंच काम नियम सुधारण्याचं निघालं. इथे एक नियम असा आहे: "निषिद्ध वस्तू आत आणल्यास जप्त करण्यात येतील." पण निषिद्ध म्हणजे काय, हे कुणीच लिहिलेलं नाही. माझ्या आधीच्या बाईंनी एका मुलीची उशी जप्त केली होती, का तर ती फार मोठी होती. व्याख्येशिवाय नियम म्हणजे दडपशाही, असं मी सचिवांना स्पष्ट सांगितलं. गणपतराव हे आमचे सचिव. ते म्हणाले, "करा की मग व्याख्या."

मी कोश चाळले. नेमका शब्द मिळाला: विनिषिद्ध माल. त्याचा अर्थ फार सुंदर आहे, आत्ती. चोरीच्या मालाचा मालक दुसराच कुणीतरी असतो. विनिषिद्ध मालाचं तसं नाही. वस्तू आपलीच असते, हक्काची असते, चांगलीही असते. फक्त जिथे न्यायची नाही त्या दारातून आत नेली की ती विनिषिद्ध होते. आमच्याकडे इस्त्री, विजेची कॉइल आणि मांसाहार या तीन गोष्टी त्यात येतात. ज्यांनी ही जागा दिली त्यांचं घर पूर्ण शाकाहारी होतं आणि त्यांची तशी अट आहे. त्यांच्या पत्नी समितीच्या अध्यक्षा आहेत. सगळे त्यांना काकी म्हणतात.

तुमचं कुरुंदवाड सीमेजवळ. तिकडे अशा मालाला काय म्हणतात ते कळव. मी परिशिष्टात घालेन.

रविवारी मेसला सुट्टी असते, म्हणून मुलींचे डबे गावाहून एस.टी.ने येतात. ते गेटवर तपासायचं काम माझ्याकडे आहे. मी वरचा खण उघडून बघते आणि सोडते. कुणाच्या आईने भरलेला डबा तळापर्यंत उचकटायला माझं मन होत नाही. त्यानंतर मी एम.ए.च्या रविवारच्या वर्गाला जाते ती संध्याकाळी परतते.

तुझी,
वर्षाराणी


कुरुंदवाड,
१५ जुलै

वर्षे, जयभीम.

तुझं पत्र मी वाचलं. मामाला हात लावू दिला न्हाय. त्यो सारखा डोकावत हुता. इनिशिद्ध का काय ते तेवढं अडलं. शेण काढून झालं, भाकरी झाल्या, मग परत मागं येऊन वाचलं तवा सुटलं. कोल्हापुरातली माणसं असलं शब्द घेऊन बाजारात जात असतील तर संध्याकाळपत्तुर वांगी मिळायची न्हाईत.

हिकडं काय म्हणत्यात ते सांगतो. दोन नंबरचा माल म्हणत्यात. चोरटा माल म्हणत्यात. बिनपावतीचा बी म्हणत्यात, पण ते यापारी लोक. पोलिसानं धरला की त्योच मुद्देमाल हुतोय. तुझ्या मामाच्या पावण्यात एकाची कोंबडी चोरीला गेलती. चोर गावला, कोंबडी बी गावली. ती मुद्देमाल म्हणून ठाण्यात बांधली. तिनं तितं अंडी घातली. आता कोंबडी मुद्देमाल, अंडी काय? पावणा इचाराय गेला तर फौजदार तोंड पुसत बाहीर आला. हे तुझ्या पुस्तकात घाल.

पर अन्नाला असलं नाव देऊ नगं. जेवाण दोन नंबरचं कसं हुईल? कुणी खाल्लं न्हाय तर शिळं हुतंय, एवढंच.

डबा तळापत्तुर उचकटत न्हाईस हे लई चांगलं करतीस. बाईमाणसाचा अपमान हुतोय त्यात.

आमच्या शेजारची सोनम तुझ्या हॉस्टेलात हाय. पोरगी वाळून चाललीय. तिची आई सांगत हुती, ताटात दुधी बगितला की तिला हुंदका येतोय. मी म्हटलं, आमची वर्षी हाय की तितं. आता रविवारचा तिचा डबा मीच भरून देणार. आकाराम कंडक्टर आपल्या वळखीचा हाय.

एक इचारायचं ऱ्हायलं. ताकाची किटली असंल तर झाकाण काढून बगतीस, का तशीच सोडतीस?

तुझी आत्ती,
आक्काताई


कोल्हापूर,
१२ सप्टेंबर

प्रिय आत्तीस,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मी जपून ठेवलं आहे. कोंबडीची गोष्ट परिशिष्टात घेता आली नाही, कारण तिचा निकाल लागलेला नाही. तुझी ताकाची किटली मी कधीच उघडत नाही. झाकण तू कणकेने लिंपून पाठवतेस, ते फोडलं तर ताक सांडेल.

मला तुझे आभार मानायचे आहेत. सोनम आता ओळखू येणार नाही. गाल वर आले आहेत. तुझं ताक मुली किती आवडीने घेतात म्हणून सांगू. आधी छोटी किटली यायची, आता दुधाची मोठी येते, तरी सोमवारी ती धुऊन लख्ख असते. शेजारच्या खोलीतल्या मुलींच्या आयाही आता कणकेने लिंपूनच डबे पाठवतात. एका चांगल्या सवयीचा प्रसार असा होतो.

व्याख्या मी पुठ्ठ्यावर रंगवून गेटवर लावली आहे. मुलींना ती पाठ आहे. मी गेटवर असले की दोघी-तिघी आपणहून म्हणून दाखवतात आणि हसतात. नियम समजला की माणूस आनंदाने पाळतो, हे मी नेहमी म्हणत आले.

दर महिन्याला डॉक्टरबाई येऊन मुलींची वजनं घेतात. जुलैत सगळ्यांची वाढली. ऑगस्टमध्ये थोडी उतरली. श्रावणात पचन मंद होत असावं. सप्टेंबरात पुन्हा वाढायला लागली. हे सगळं मांडून मी "शाकाहार आणि मुलींची प्रकृती" असा अहवाल समितीला दिला. गणपतरावांनी तो उभ्याउभ्या वाचला आणि विचारलं, "हे दुधी खाऊन झालं?" मी म्हटलं, "दुधी आणि ताक." त्यांनी अहवाल पुन्हा पहिल्यापासून वाचला.

आता समितीने ठरवलं आहे की एका रविवारी मेस मुद्दाम चालू ठेवून सगळ्यांनी मुलींबरोबर जेवायचं. मी तारीख सुचवली, १२ ऑक्टोबर. आदल्या दिवशी दसरा आहे, सगळे प्रसन्न असतील. ते म्हणाले, गावचे डबेही येऊ देत, त्यांचीही चव बघू. त्यानंतर पंधरवड्याने माझ्या कायम होण्याची बैठक आहे. हे जेवण नीट पार पडलं तर बाकी काही सांगायला लागणार नाही, असं मला वाटतं.

तुझी,
वर्षाराणी


कुरुंदवाड,
२३ सप्टेंबर

वर्षे,

जयभीम. तुला असला कागद लिवाय कुणी सांगितलं हुतं? पोरी गुबगुबीत झाल्या तर झाल्या. गप बगायचं. म्हशीनं दूध वाढवलं म्हणून कोण दवंडी पिटत असतोय व्हय?

आणि तारीख कुठली धरलीस? अगं, नवरात्रात नऊ दिस आख्खं कोल्हापूर साबुदाण्यावर असतंय. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी माणसं पहाटं मटणाच्या दुकानापुढं रांग लावत्यात. त्यात रविवार. त्या दिवशी कुणी कुणाला दुधी खायला बोलवत असतंय का? सोयरीक मोडंल असल्यानं.

पुढचा-मागचा कुठला बी रविवार धर, पर ह्यो सोड. न्हायतर कमिटीला च्या-बिस्कुटावर आटप.

त्या रविवारी माझा डबा येणार न्हाय. माझं गुडघं दुखत्यात.

आत्ती


कोल्हापूर,
२ ऑक्टोबर

प्रिय आत्तीस,

सप्रेम जयभीम. तुझे गुडघे दुखतात हे वाचून फार वाईट वाटलं. एरंडेल कोमट करून लाव. एवढ्या दुखण्यातही तू माझ्या कार्यक्रमाची काळजी करतेस, हे माझ्याशिवाय कुणाला कळणार?

पण समितीबद्दल तुझा गैरसमज आहे. ही सुशिक्षित, ध्येयवादी माणसं आहेत. दुसऱ्या दिवशी काय खायला मिळेल याचा विचार करणारी नाहीत. गणपतरावांनीच मला दोनदा विचारलं, "बाई, बारा तारीख नक्की ना? डबे येणार ना?" एवढी त्यांना तळमळ आहे.

तू दगदग करू नकोस. मी सगळी व्यवस्था केली आहे. प्रत्येक मुलीला घरी पत्र लिहायला लावलं: "डबे नेहमीसारखेच पाठवा, पाहुणे आहेत म्हणून वेगळं काही करू नका, मात्र कमी पडू देऊ नका." मजकूर मीच सांगितला. सोनमचा चेहरा एकदम उतरला. तुझा डबा येणार नाही म्हणून असेल. मग मी स्टँडवर जाऊन आकाराम कंडक्टरांना भेटले आणि सांगितलं की त्या दिवशी जागा राखून ठेवा, समिती जेवणार आहे. ते म्हणाले, "कमिटी?" मी म्हटलं, "हो, सगळी." ते म्हणाले, "आक्काताईस्नी म्हाईत हाय?" मी म्हटलं, त्यांनीच तर सुरुवात केली.

तुझी,
वर्षाराणी


कुरुंदवाड,
७ ऑक्टोबर
(पोस्टकार्ड)

वर्षे, बाकीच्यांचं माझ्या हातात ऱ्हायलं न्हाय. पाच गावच्या बायकांना तू सांगावा धाडलायस, नेहमीसारखंच करा म्हणून. मी निस्तं ताक पाठवतो. त्या दिवशी तू फकस्त ताकच पी. आत्ती.


कोल्हापूर,
१३ ऑक्टोबर

प्रिय आत्तीस,

सप्रेम जयभीम. काय सांगू आणि कुठून सुरुवात करू असं झालं आहे. इतकं यशस्वी जेवण या वसतिगृहाने पाहिलं नसेल.

काकी थोड्या उशिरा आल्या. त्यांना जमिनीवर बसवत नाही म्हणून त्यांचं मेसचं ताट मी ऑफिसात लावलं आणि त्यांच्या सेवेला तिथेच थांबले. गणपतराव, खजिनदार बाळासो आणि बाकीचे समोर हॉलमध्ये मुलींच्या पंगतीत बसले. आधी मुली डबे उघडेचनात. सोनम तर तिच्या आईने पाठवलेला डबा मांडीखाली घेऊन बसली होती. गणपतरावांनी स्वतः तिचं झाकण काढलं आणि आत पाहिलं. मग ते मोठ्याने म्हणाले, "वा, फणसाची भाजी दिसत्या." बाळासो म्हणाले, "फणसच की." मग सगळ्या मुलीही फणस, फणस म्हणाल्या आणि पंगत जी सुरू झाली ती थांबेना. बाळासो एरवी मधुमेहामुळे चिमणीएवढं जेवतात. काल त्यांनी भाकरी कुस्करून वाटीच मागितली. दोघेतिघे सदस्य तर घामाने भिजले होते, तरी उठायला तयार नव्हते.

वास मलाही ओळखीचा वाटला. पण मी विचार केला, मसाला तोच असेल तर वास तोच येणार. काकींनी विचारलं, "वास कसला गं येतोय?" मी म्हटलं, "फणसाचा, काकी." त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तुझं ताक मागून घेतलं. ताक त्यांना फार आवडलं.

जाताना गणपतराव मला म्हणाले, "वर्षाराणीबाई, तुमचं काम झालं म्हणून समजा." आणि महिन्यातून एकदा मेसमध्ये हीच भाजी करायचं त्यांनी सुचवलं आहे. म्हणून तुला एक विनंती. फणसाच्या भाजीची कृती ताबडतोब लिहून पाठव. प्रमाण नीट लिही. मी आज मंडईत गेले होते, पण फणस कुठेच दिसला नाही. एका भाजीवालीला विचारलं तर ती शेजारणीला म्हणाली, "ह्या बाईला दिवाळीत फणस पायजे." दोघी हसल्या. तुम्ही कुठून आणता तेही कळव.

तुझी आनंदात असलेली,
वर्षाराणी


कुरुंदवाड,
१६ ऑक्टोबर

वर्षे,

जयभीम. तुझं पत्र तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मामा ऐकत हुता, त्यो अजून हसतोय, त्याचं मनावर घेऊ नगं.

पोरी, त्यो फणस न्हाय. बोकड हाय.

आता खाली बस आणि पुढचं वाच. जुलैपास्नं किटलीत ताक न्हवतं, तांबडा रस्सा हुता. ताक वरच्या छोट्या डब्यात असायचं, ते बगून तू किटली बी ताकाचीच समजायचीस. सोनमपुरतं म्हणून मी सुरू केलं. मग तिच्या खोलीतल्या पोरींनी वाटीवाटी मागितलं. मग त्यांच्या आया म्हणाल्या, एकट्या आक्काताईनं का म्हणून करायचं, आपण आळीपाळीनं करू. श्रावणात पोरी खात न्हवत्या, म्हणून तुझी वजनं उतरली. पचनाचा काय संबंध न्हाय.

तुला सांगितलं न्हाय कारण सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस. आणि न सांगता केलं म्हणून तू दोषी हुत न्हाईस, असा माझा हिशेब. कमिटी खुश हाय. तू बी खुश ऱ्हा. फणस म्हणाले ते बरं म्हणाले. दिवाळीपत्तुर तोंड मिटून बस, कायम झालीस की मग काय बोलायचं ते बोल.

आत्ती


कोल्हापूर,
१९ ऑक्टोबर

आदरणीय आत्ती,

जयभीम.

मी गेटवर उभी राहून तपासत होते. स्वतःच्या हाताने व्याख्या रंगवली होती. मुली ती म्हणून दाखवत होत्या आणि का हसत होत्या, ते मला आज कळलं.

माझा अहवाल खोटा आहे. डॉक्टरबाईंनी तो त्यांच्या कुठल्याशा परिषदेत वाचायला मागून घेतला होता. मी आज जाऊन परत आणला. कारण विचारलं तेव्हा मी म्हटलं, शुद्धलेखन तपासायचं आहे. माझ्या नोकरीतलं हे पहिलं खोटं. ते तुझ्यामुळे बोलले.

तू जे केलंस त्याला तस्करी म्हणतात. सीमेवरची माणसं करतात ती. शनिवारी, २५ तारखेला माझी बैठक आहे. तिथे मी सगळं सांगणार आहे. खोट्यावर कायम झाले तर जन्मभर गेटवर कुणाचा डबा कोणत्या तोंडाने उघडू? मला कायम करणार नाहीत, हे मला माहीत आहे. आईला काय सांगायचं ते तूच ठरव.

वर्षाराणी


कुरुंदवाड,
२२ ऑक्टोबर

वर्षे,

तू आदरणीय लिवलंस तवाच कळलं की लई रागावलीस. तस्कर म्हण, दोन नंबरवाली म्हण, काय बी म्हण. मामा सकाळपास्नं मला 'काय तस्करीणबाई, च्या मिळंल का' म्हणतोय. च्या दिला न्हाय.

मी तुझी नोकरी मोडली असंल तर मला जेवाण जाणार न्हाय, एवढं मात्र खरं. कालपास्नं जात न्हाय. त्या पोरीचं वाळकं तोंड बगितलं आणि पुढचं काय सुचलंच न्हाय बग. तुझ्या गेटचा इचार केला, तुझा करायचा ऱ्हायला.

माझं ऐकशील तर सांगू नगं. बाळासोनं वाटी मागितली म्हणतीस, त्यो काय तुला दोष देणाराय?

ऐकणार न्हाईसच, बाच्या वळणावर गेलीयास. तर मग माझं नाव सांग. आक्काताई, मुक्काम कुरुंदवाड, पुरा पत्ता सांग. पोरींची नावं घेऊ नगंस. त्यांना काढलं तर घरात बसवतील आणि लगीन लावतील.

आत्ती


कोल्हापूर,
२६ ऑक्टोबर

प्रिय आत्तीस,

सप्रेम जयभीम. आधी जेव आणि मग हे पत्र वाच.

काल बैठक झाली. गणपतराव पहिल्याच वाक्याला म्हणाले, "वर्षाराणीबाईंना कायम करण्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नसावं." मी उभी राहिले आणि म्हटलं, "माझं आहे." मी लिहून नेलं होतं ते वाचलं. जुलैपासून वसतिगृहात ताकाच्या किटलीतून विनिषिद्ध माल येत होता, डबे तळापर्यंत न तपासणं ही माझी चूक, माझा अहवाल रद्द समजावा, आणि बारा तारखेला आपण जे खाल्लं ते मटण होतं.

मग गणपतराव म्हणाले, "बाई, ते फणस होतं."

मी म्हटलं, "ऑक्टोबरात फणस नसतो, साहेब."

"कोकणात असतोय," बाळासो म्हणाले.

"आता कोकणातही नसतो."

"मग केरळात असंल."

"डबा कुरुंदवाडच्या गाडीने आला होता."

गणपतराव पाणी प्यायले. "तुम्ही स्वतः खाल्लं का? नाही ना? मग तुम्हाला कसं ठाऊक?"

"तुम्ही खाल्लंत, साहेब. तुम्हीच सांगा."

यावर ते कागद चाळायला लागले. तेवढ्यात काकी म्हणाल्या, "गणपतराव, फणसाला हाड असतं का हो? ऑफिसाच्या दारातून दिसत होतं मला. नळी फुंकत होतात तुम्ही." काकींच्या घरात कांदासुद्धा चिरत नाहीत. मला वाटलं आता संपलं. पण त्या रागावलेल्या दिसल्या नाहीत. म्हणाल्या, "यांनी अट घातली ती स्वयंपाकघरासाठी. माझ्या चुलीवर ते चढायचं नाही आणि या भिंतीच्या आत यायचं नाही. ते मी मरेपर्यंत सांभाळणार. पण पोरींनी बाहेर काय खावं, हे त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. आम्ही कोण सांगणार?"

तेव्हा मला सुचलं ते बोलले. रविवारी समोरच्या मैदानात डबे न्यावेत, तिथेच खावेत, तिथल्याच नळावर धुवावेत, आणि मग आत यावं. कुणाच्याच मनात त्या विषयावर आणखी बोलायचं नव्हतं, त्यामुळे ते एका मिनिटात मंजूर झालं. मुलींची नावं कुणी विचारली नाहीत. तुझंही नाही. विचारलं असतं तर मी सांगणार होते, हे तुला कळावं.

मग माझा विषय आला. बाळासोंचं म्हणणं, एवढं झाल्यावर कायम कसं करायचं. गणपतराव माझ्यासमोरच म्हणाले, "कायम न करून कसं चालंल? हिला काढली तर ही बाहेर जाणार. बाहेर पहिला जो भेटंल त्यो विचारणार, का काढलं. ही खरं सांगणार. तुम्ही कधी हिला खोटं बोलताना बघितलंय का? उद्या आख्ख्या राजारामपुरीत कळंल, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कमिटीनं मुलींच्या डब्यातलं खाल्लं म्हणून. हिला बाहेर ठेवण्यासारखी परिस्थिती न्हाय. आत घ्या, आणि कायमची घ्या."

सगळ्यांनी हात वर केले. काकी तोंडाला पदर लावून हसत होत्या.

तर आत्ती, मी कायम झाले. पण ठरावात माझ्या प्रामाणिकपणाबद्दल एखादं वाक्य असावं असं मला वाटत होतं. नाही. "सोयीच्या दृष्टीने" एवढंच लिहिलं आहे. मी त्यावर हरकत नोंदवली. गणपतराव म्हणाले, "नोंदवा. सही कुठं करायची ते माहीत हाय ना?"

जिन्यात त्यांनी मला थांबवलं आणि हळूच विचारलं, त्या किटलीवाल्या बाई कुठल्या? मी सांगितलं, माझी आत्ती. ते म्हणाले, "मैदानावर बाहेरच्या माणसाला बसायला बंदी न्हाय ना?" मी म्हटलं, नियमात तसं काही लिहिलेलं नाही.

राग गेलेली,
वर्षाराणी


कुरुंदवाड,
३० ऑक्टोबर

वर्षे,

लई लई जयभीम. जेवलो. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

तुझं पत्र आलं तसं मी आकारामच्या गाडीनं गडमुडशिंगीला गेलतो. तुझ्या आईबाला म्हटलं, पोरगी कायम झाली. आई रडाय लागली. बा म्हणाला, कशानं केलं कायम? आता त्याला काय सांगू? बोकडानं केलं म्हणून सांगू? मी म्हटलं, तिनं कमिटीला एक कागद वाचून दाखवला, त्यामुळं केलं. खोटं न्हाय बोललो, तपासून बग.

पर तुझ्या बाला तुझा एकच कागद म्हाईत हुता. त्यो तसाच उठला आणि गल्लीत घरोघरी सांगून आला, आमच्या वर्षाराणीनं शाकाहारावर असा कागद लिवला, असा लिवला, की कमिटीनं तिला जागच्या जागी कायम केलं. माणसं हार घिऊन आली. बाच्या डोळ्यात पाणी. म्हणाला, एवढ्या मोठ्या गोष्टीचं गल्लीला जेवाण घातलं पायजे.

बोकड सांगून आलाय. उद्याच ये, आणि बाला काय सांगायचं ते ताटावर बसायच्या आधी सांगू नगं. मंडळी लांबून येणारायत.

तुझी आत्ती,
आक्काताई